गुणाजी पेडणेकरांची वसई

गुणाजी पेडणेकर दात बनवायचे. मुलुंडला, स्टेशनच्या पश्चिमेला एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांचे दात काढायचे आणि मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, गुणाजी नवे करायचे. आधी मेणाची हिरडी, मग तिच्यात एकेक दात बसवून चाव जुळतो का ते बघायचं, मग प्लास्टरचा साचा आणि शेवटी त्या साच्यात गुलाबी अ‍ॅक्रिलिक. मुलुंड-भांडुपमधली कितीतरी म्हातारी माणसं गुणाजींच्या हातच्या दातांनी हसत होती. त्यांना गुणाजी माहीत नव्हते. गुणाजी मात्र बाजारात एखाद्याला हसताना बघायचे आणि बायकोला हळूच सांगायचे, "ती कवळी माझी."

सुलक्षणा म्हणायची, "बरां झाला. आता भाजी बघा."

उरलेल्या मेणातून शिपाई करायची सवय त्यांना कधी लागली ते त्यांनाही आठवत नव्हतं. एकदा वीज गेली होती, काम अडलं होतं, हातात मेणाचा गोळा होता, तेव्हा पहिला मावळा झाला म्हणे. दोन-अडीच इंचांचा. त्याचा साचा काढून त्यांनी उरलेलं अ‍ॅक्रिलिक ओतलं, त्यामुळे तो हिरडीच्या रंगाचा, गुलाबी झाला. घरी नेऊन फडताळावर ठेवला तर सुलक्षणा म्हणाली, "ह्येका कपडे तरी घाला." मग रंग आले, ब्रश आले, आणि मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या दोन खोल्यांमधली एक भिंत हळूहळू शिपायांची झाली. मूलबाळ नव्हतं. सुलक्षणाने त्या भिंतीबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त धूळ मी पुसणार नाही, असं सांगून टाकलं.

घाटकोपरला बाळ केळुसकर नावाचे एक निवृत्त ड्राफ्ट्समन राहायचे. त्यांना सगळे बाळदादा म्हणत. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे असलेच छंदिष्ट जमायचे. म्हणजे तिघंच. स्वतः बाळदादा, टेलिफोन खात्यात केबल जोडणारा चंद्रप्रकाश खरात, आणि विक्रोळीच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारी अनुपमा. गुणाजी चौथे. अनुपमा त्यांच्याहून बरीच लहान, ती त्यांना गुणाजीकाका म्हणायची. चंद्रप्रकाश वयाने बरोबरीचा, त्याचं अरेतुरे.

बाळदादांच्या घरी एक नियम होता. ज्याने वस्तू आणली त्याने ती टेबलावर ठेवायची आणि गप्प बसायचं. बाकीच्यांनी बघायचं, हवं तर वाकून, भिंग लावून, आणि मग प्रत्येकाने काय चुकलंय ते सांगायचं. 'छान' म्हणायचं नाही. छान म्हणायला घरचे लोक आहेत, असं बाळदादा म्हणायचे.

गुणाजींनी पहिल्या खेपेला एक घोडेस्वार नेला होता. चंद्रप्रकाशने तो सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला आणि म्हणाला, "स्वार बरा आहे. पण गाढव फारच दमलंय." गुणाजी घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात जाण्याआधी ते पाच रस्त्यावर टांगेवाल्यापाशी उभे राहून घोड्याचे पाय बघायला लागले. पुढच्या खेपेला चंद्रप्रकाश म्हणाला, "आता घोडा आहे. मान जरा आखूड." गुणाजींना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना खाली नेऊन वडे खाऊ घातले.

तेव्हापासून त्यांना त्या रविवारची चटकच लागली. चार चुका ऐकल्याशिवाय त्यांचा महिना सुरू होत नसे.

सत्त्याऐंशी साली पावसाळ्यानंतर बाळदादांनी सुचवलं की आता एकेकटे शिपाई पुरे, एक मोठा देखावा करू या. दोन वर्षांनी वसईच्या विजयाला अडीचशे वर्षं होणार होती. बोरीवलीच्या एका शाळेचा हॉल मे महिन्याच्या सुट्टीत मिळण्यासारखा होता. प्रत्येकाने एकेक देखावा करायचा आणि प्रदर्शन भरवायचं.

"गणपतीतल्यासारखा देखावा नको," अनुपमा म्हणाली. "लाइट, मोटर, हलणारे हात, असलं काही नाही."

"बुरूज मी घेतो," गुणाजी म्हणाले. पोर्तुगीजांच्या वसई किल्ल्यातल्या सेबास्तियनच्या बुरुजाचं वर्णन बाळदादांनी त्यांना इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की तो त्यांच्या डोळ्यासमोर उभाच होता. मराठ्यांनी बुरुजाखाली सुरुंग पेरले. ते उडाले, भिंतीला खिंडार पडलं, माणसं आरोळ्या ठोकत वर चढली. पण एक सुरुंग उडायचा राहिला होता. तो उशिरा उडाला, आपलीच माणसं वर असताना.

चौघं एका रविवारी वसईला जाऊन आले. पडक्या भिंतीवर पिंपळ वाढले होते. गुणाजींनी दगडांवर हात फिरवला, रुमालात थोडी माती बांधून घेतली आणि घरी येऊन कॅरमबोर्ड उलटा करून त्यावर काम सुरू केलं. थर्माकोलची भिंत, तिच्यावर प्लास्टर, प्लास्टरवर दात कोरायच्या हत्याराने एकेक दगडाची सांध. सुक्या गवताला नारळाचा काथ्या, धुळीला वसईची माती चाळून.

पहिली मांडणी त्यांनी दिवाळीनंतर घाटकोपरला नेली, टॅक्सीच्या मागच्या सीटवर स्वतःच्या मांडीवर धरून. टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

तिघं टेबलाभोवती फिरून आले. मग अनुपमा म्हणाली, "भिंत बोर्डाच्या कडेला समांतर आहे. फळ्यावर काढल्यासारखी. बघणाऱ्याचा डोळा सरळ येतो, भिंतीला आपटतो आणि परत जातो."

"आणि हे सगळे ग्रुप फोटोला उभे आहेत," चंद्रप्रकाश म्हणाला. "कोणी कोणाला झाकत नाही. लढाईत माणूस माणसाच्या आड येतो रे. तुला प्रत्येकाचा चेहरा दाखवायचाय, कारण प्रत्येकावर तू मेहनत घेतलीस. बघणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय?"

"गर्दी निम्मी कर," बाळदादा म्हणाले. "आणि कुठेतरी मोकळी जागा ठेव. श्वास घ्यायला."

निम्मे शिपाई काढायचे म्हणजे आधीचं कितीतरी काम फडताळावर परत जाणार. गुणाजींनी ते काढले. भिंत तिरकी केली, खिंडारातून ढासळलेल्या दगडांचा उतार डावीकडून उजवीकडे वर नेला, माणसं त्यावर घोळक्याने चढवली. एकाचा फक्त पाय दिसत होता, एकाची नुसती ढाल. मधे एक पट्टा रिकामा सोडला.

ही दुसरी मांडणी बघून अनुपमाने मान तिरकी केली. "आता डोळा चढतो. छान चढतो..."

"नियम," बाळदादा म्हणाले.

"चढतो, पण भिंतीच्या वरून बाहेर निघून जातो. त्याला खाली परत आणणारं काहीतरी पाहिजे."

गुणाजींनी खिशातून एक शिपाई काढला. तो शिपाईही नव्हता. सुरुंग खणणाऱ्यांपैकी एक, उघडाबंब, कमरेला फडकं, हातात कुदळ. गर्दीतून काढलेल्यांपैकी हा एवढाच त्यांच्या खिशात राहिला होता. जागा कुठेच नाही म्हणून त्यांनी तो खाली खंदकात, रिकाम्या पट्ट्याच्या टोकाला उभा केला. तोंड वरच्या माणसांकडे.

चंद्रप्रकाश वाकून बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ह्याला माहीत आहे."

"काय?" गुणाजींनी विचारलं. नियम त्यांनीच मोडला.

"एक उडायचा राहिलाय ते. त्यानेच पेरलेत ना? त्याने मोजलेत. वरचे सगळे ओरडतायत, ह्याचं कोणाला ऐकू जातंय?"

अनुपमाने त्या माणसाला बोटाने किंचित उजवीकडे सरकवलं, आणि सगळी लढाई त्याच्याभोवती फिरल्यासारखी झाली. "हाच," ती म्हणाली. "गुणाजीकाका, बाकीचे ठीक आहेत. ह्याचा चेहरा बदला. सगळं त्या चेहऱ्यावर आहे."

गुणाजी त्या दिवशी घाटकोपर ते मुलुंड हसत आले. सुलक्षणाने विचारलं, "काय मिळाला?" त्यांनी खिशातला माणूस दाखवला. तिला काही कळलं नाही, पण तिने शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

तो चेहरा त्यांनी सगळ्यात शेवटी करायचं ठरवलं. आधी दगड, माणसं, रंग. अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा त्यात गेला. मग ते त्या डोक्याकडे वळले. मटारएवढं मेण. दवाखान्यातली सगळ्यात बारीक सुरी. पहिलं डोकं बिघडलं. दुसरं बिघडलं. त्यांना वाटलं, घाई होते आहे. मग एकदा दवाखान्यात एका बाईंच्या कवळीचा पुढचा दात बसवताना सुरी घसरली आणि मेणात चर पडला. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी हात टेबलावर ठेवला. उजवा अंगठा आपोआप बोटाशी घासत होता, विडी वळल्यासारखा. त्यांनी दुसऱ्या हाताने तो धरला. धरला तोवर थांबला.

पुढचे काही आठवडे ते घरात उजवा हात खिशात ठेवून हिंडले. सुलक्षणा बघत होती. एके सकाळी कपबशी त्यांच्या हातात खडखड वाजायला लागली तेव्हा ती समोर बसली.

"हात थरथरता तुमचो. गेलो म्हयनोभर बघतंय मी."

"थकवो इलो असतलो."

"थकवो एकाच हातात येता?"

चहा बशीत सांडला होता, तो ते तसाच प्यायले.

परळच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोल काढायला लावला. गोल काढता काढता बारीक होत गेला. "कंपवात," डॉक्टर म्हणाले. तरुण होते, बोलायला बरे होते. "गोळ्या देतो. थोडं आटोक्यात राहील."

"बरं होईल ना?" सुलक्षणाने विचारलं. "त्यांचं सगळं काम हाताचं आहे हो."

डॉक्टरांनी पेन बंद केलं. "आटोक्यात राहील," ते पुन्हा म्हणाले.

दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी काही दिवस सोपी कामं दिली, प्लास्टर कालवायचं, साचे पुसायचे. मग नव्या मुलाला बारीक काम शिकवायला सांगितलं. कोणी काही वाईट बोललं नाही. गुणाजी खिडकीखाली त्या मुलाच्या मागे उभे राहायचे आणि तो सुरी कशी चुकीची धरतो ते बघायचे. एक दिवस त्यांनीच सांगितलं की उद्यापासून येत नाही.

गोळ्यांनी सकाळचा थोडा वेळ बरा जायचा. त्या वेळात ते खिडकीत बसून चेहरा करायचे. कोपर टेबलावर दाबून, मनगटाला रुमाल बांधून, श्वास रोखून. नाक जमलं की गाल जायचा. शेवटी एक डोकं त्यांनी पुरं केलं, ओतलं, रंगवलं. एक डोळा खाली उतरला होता. तोंड कापल्यासारखं गालापर्यंत गेलं होतं. त्यांना ते दिसत होतं. डोळ्यांना काही झालं नव्हतं. तरी त्यांनी तो माणूस कापसात गुंडाळला आणि पहिल्या रविवारी घाटकोपर गाठलं. आजाराचं त्यांनी आदल्या महिन्यातच सांगितलं होतं, तेव्हा सगळ्यांनी बरंच धीराचं बोलून घेतलं होतं. आज त्यांना ते नको होतं. आज त्यांना चुका हव्या होत्या.

त्यांनी माणूस टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन बसले. हात मांड्यांखाली दाबला.

बाळदादांनी भिंग घेतलं. बराच वेळ लावला. भिंग अनुपमाकडे दिलं. तिने बघितलं आणि ओठ दाबले. चंद्रप्रकाशने भिंग घेतलंच नाही.

"झकास," तो म्हणाला. "आता ह्याला हात लावू नको."

गुणाजींनी बाळदादांकडे पाहिलं.

"छान झालाय," बाळदादा म्हणाले.

अनुपमा उठून चहा करायला आत गेली.

गुणाजींनी माणूस परत कापसात गुंडाळला. बोटं ऐकत नव्हती, कापूस उलगडत होता. कोणाला मदत करावी की नाही ते कळेना. त्यांनी तो तसाच मुठीत घेतला, चपला घातल्या आणि चहा न घेता जिना उतरले. चंद्रप्रकाश मागून धावत आला आणि त्याने रस्त्यावर त्यांना गाठलं.

"अरे थांब ना. काय झालं?"

"तू खोटं बोललास."

"कोण म्हणतो?"

"डोळा खाली आलाय. तोंडाची वाट लागलीय. माझे हात गेलेत, डोळे नाही गेले चंद्रप्रकाश. मला दिसतं. तुलाही दिसतं. माझ्या घोड्याला तू गाढव म्हणाला होतास."

"तेव्हा तुला दुसरा घोडा करता येत होता!" चंद्रप्रकाश ओरडलाच. भाजीवाला वळून बघायला लागला. "काय सांगू तुला? डोळा वर घे? घेशील? तोंड बारीक कर, करशील? सांगून काय होणार आहे यार?"

बोलून झाल्यावर तो एकदम थांबला. त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "माफ कर. मला असं..."

"नाही," गुणाजी म्हणाले. "हे खरं बोललास."

मग चंद्रप्रकाश त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला आला.

पुढच्या रविवारी तिघंही मुलुंडला आले. आधी ठरवून आल्यासारखे. बाळदादांनी सांगितलं, देखावा आपण पुरा करू. गुणाजी, तू नुसतं बसायचं आणि सांगायचं. हात आमचे. सुलक्षणाने लगेच पोहे टाकले. बऱ्याच दिवसांनी घरात माणसं आली होती.

भिंतीचा राहिलेला भाग बाळदादांनी केला, तो चांगला झाला. अनुपमाने दगडांना रंग दिला. गुणाजी सांगायचे, इथे ओल दाखव, इथे दारूचा काळा डाग, आणि ती तसं करायची. तोवर सगळं ठीक होतं. मग चंद्रप्रकाशने मेण घेतलं आणि त्या खालच्या माणसाचं डोकं करायला बसला. तारा आणि शिसं हाताळून त्याची बोटं तयार होती. तासाभरात चेहरा झाला. डोळे ताणलेले, तोंड वासलेलं, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. बाळदादा पुढे सरकून बघायला लागले.

"असा नाही," गुणाजी म्हणाले.

"मग कसा?"

"तो ओरडत नाहीये."

"आपलं तर ठरलं होतं, तो ओरडतोय आणि वर ऐकू जात नाही."

"ओरडून झालंय त्याचं."

चंद्रप्रकाशने तोंड मिटवलं. चेहरा कंटाळल्यासारखा दिसायला लागला. "असं?"

"नाही."

"सांग ना मग. भुवया? गाल?"

गुणाजींनी सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी आयुष्यात कधी हे तोंडाने सांगितलंच नव्हतं. सुरी मेणाला टेकली की पुढचं हातच ठरवायचा, आणि ते बघत बसायचे. आता हात नव्हता, तर ते कळणंही नव्हतं. एवढंच कळत होतं की असं नाही. त्यांनी दाखवायला बोट पुढे केलं. बोट थरथरत मेणाला लागलं आणि नाक चेपलं.

"असू दे, असू दे," चंद्रप्रकाश म्हणाला आणि दुसरा गोळा घेतला.

असं बरेच रविवार चाललं. चंद्रप्रकाश एक डोकं करायचा, गुणाजी नाही म्हणायचे. तो चिडत नव्हता. चिडला असता तर गुणाजींना बरं वाटलं असतं. त्याच्या बायकोचं काहीतरी दुखणं निघालं होतं, तरी तो ट्रेन धरून यायचा, पोहे खायचा आणि मेण मऊ करायला घ्यायचा. प्रदर्शन तोंडावर आलं. एप्रिलमध्ये एका रविवारी त्याने आणखी एक चेहरा पुढे केला. चांगला होता. नीट, प्रमाणात, कुठे काही चुकलेलं नाही. आणि गुणाजींचा नव्हता.

त्यांनी चंद्रप्रकाशकडे पाहिलं. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

"छान झालाय," गुणाजी म्हणाले.

चंद्रप्रकाश क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि मेणाचे तुकडे गोळा करायला लागला.

बोरीवलीच्या शाळेत प्रदर्शनाला अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले. सोसायट्यांमधून कुटुंबंच्या कुटुंबं आली, पोरं टेबलांना लोंबकळली. बुरुजाच्या देखाव्यापाशी सगळ्यात जास्त गर्दी. समोर अनुपमाने सुंदर अक्षरात पाटी लिहिली होती, त्यावर एकच नाव होतं, गुणाजी पेडणेकर. त्यांनी तिला सांगून बघितलं होतं की चौघांची नावं घाल. तिघांनीही ऐकलं नव्हतं.

गुणाजींना देखाव्याशेजारी खुर्ची दिली होती. लोक यायचे, नमस्कार करायचे. "काय हात आहे हो तुमचा!" म्हणायचे. गुणाजी म्हणायचे, "माझा नाही. सगळं मी नाही केलेलं." पण एव्हाना त्यांचा आवाजही खाली गेला होता, पुटपुटल्यासारखा. लोकांना तो नम्रपणा वाटायचा. ते आणखीच कौतुकाने बघायचे.

एका बाईंच्या लहान मुलीने खंदकातल्या माणसाकडे बोट केलं. "हा खाली का उभा आहे?"

"तो घाबरलाय," तिची आई म्हणाली.

"जखमी असेल," मागून एक गृहस्थ म्हणाले. "म्हणून वर गेला नाही."

गुणाजी खुर्चीतून उठायला गेले. उठायला आता त्यांना वेळ लागायचा, दोन-तीनदा पुढे झुकून मग उभं राहावं लागायचं. ते उभे राहिले, "त्याने..." एवढं म्हणाले, तोवर ती मंडळी पुढच्या टेबलाशी गेली होती. सुलक्षणा बाजूलाच होती. तिने त्यांचा शर्ट मागून सारखा केला आणि त्यांना परत बसवलं.

प्रदर्शन संपल्यावर एवढा मोठा बोर्ड ठेवायचा कुठे हा प्रश्न आला. मुलुंडच्या घरात आता गुणाजींना अडथळ्याशिवाय चालायला जागा लागत होती. बाळदादा तो घाटकोपरला घेऊन गेले आणि कपाटावर चादर घालून ठेवला. गुणाजींनी एकदाही विचारलं नाही की तो कसा आहे.

पावसाळ्यात त्यांचं घाटकोपरला जाणं थांबलं. जिना चढवत नव्हता. सुरुवातीला तिघं पाळीपाळीने यायचे. मग चंद्रप्रकाशच्या बायकोचं ऑपरेशन झालं, बाळदादांचे गुडघे दुखायला लागले. कोणाची चूक नव्हती. सुलक्षणा सकाळी त्यांची दाढी करायची. पहिल्यांदा केली तेव्हा दोघांनाही लाज वाटली होती. आता ती करताना ती शेजारणीशी दारातून बोलायची आणि गुणाजी डोळे मिटून बसायचे.

नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी अनुपमा आली. हातात चपलांचा खोका. त्यात तिने केलेलं एक छोटं गलबत होतं, आंग्र्यांच्या आरमारातलं, शीड उतरवलेलं, आणि वल्ह्यांवर चारच माणसं. तिने खोका उघडून गलबत स्टुलावर ठेवलं, खिडकीच्या उजेडात.

"गुणाजीकाका, अजून कोणाला दाखवलेलं नाही. काहीतरी चुकतंय, मला सापडत नाही. तुम्ही बघा."

गुणाजींनी बघितलं. सुलक्षणाने त्यांच्या पाठीला उशी लावली, तसे ते पुढे झुकले. बराच वेळ बघत होते. चेहऱ्यावर आजकाल काही उमटत नसे, पण डोळे माणसावरून माणसावर, वल्ह्यावरून शिडावर फिरत होते, नेमके, एकदा परत मागे आले आणि एका जागी थांबले. अनुपमाला ते कळलं. ती पुढे सरकली.

त्यांनी काहीतरी सांगितलं.

"काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. दोन-तीन शब्द होते. घोगरे, एकात एक गेलेले.

"मागचा माणूस?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा सांगितलं. अनुपमाने सुलक्षणाकडे पाहिलं. सुलक्षणाने हळूच मान हलवली, तिलाही कळलं नव्हतं. हात उचलायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो गलबताच्या दिशेने निघाला की इतका थरथरायचा की अनुपमाने नकळत गलबत थोडं मागे घेतलं. त्यांनी ते बघितलं आणि हात खाली ठेवला.

"हो, हो," अनुपमा म्हणाली. "कळलं, काका. करते तसं."

गुणाजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाठ उशीला टेकवली.

"चहा ठेवू गो?" सुलक्षणाने विचारलं. "की पोहे करू?"

अनुपमा चहा पिऊन निघाली. मुलुंड स्टेशनच्या फलाटावर दुपारी शुकशुकाट होता. ती बाकावर बसली, खोका मांडीवर घेतला आणि झाकण काढलं. ते जिथे थांबले होते तिथे तिने बघितलं. शीड, दोर, डोलकाठी, मधला नावाडी. मान तिरकी करून बघितलं, खोका फिरवून दुसऱ्या बाजूने बघितलं. तिला काहीच दिसेना. एक गाडी आली आणि गेली. ती बघतच बसली होती.